हजार हरणांचं गाव

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासूबाईंना मी नेमकं काय काम करते हे शेवटपर्यंत उमगलं नाही. श्रीरामपूरला त्यांच्याकडे गेले की शेजारणींशी त्या माझी ओळख करून देत, "ही आमच्या सुनेची थोरली बहीण. हरणं मोजते." शेजारीण क्षणभर माझ्याकडे बघे आणि हळूच विचारी, "रोज?" मग दुसरी कुणीतरी, "आणि सगळी मोजून झाली की?" त्यावर मी खरं तेच सांगत असे, की पुन्हा पहिल्यापासून मोजते. तेव्हा त्या बायकांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी जी कणव दाटून येई, तेवढी आपुलकी मला पुढे कुठल्या परिसंवादातही मिळाली नाही.

तीसेक वर्षं हे काम केलं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत होते, पण पाय बहुतेक काळ नगर जिल्ह्याच्या मातीतच. आता नाव अहिल्यानगर झालंय, माझ्या तोंडी मात्र अजून नगरच बसलंय. हरणं मोजली, मासे मोजले, माळढोकाच्या आशेनं ओसाड माळ तुडवले आणि शेवटी टिटव्या मोजून परत आले. लोकांना वाटतं, मोजणं म्हणजे बोट दाखवत एक, दोन, तीन. तसं असतं तर संस्थेनं मला पगार दिलाच नसता.

कुठल्याही प्राण्याची संख्या चारच कारणांनी बदलते. काही जन्मतात, काही मरतात, काही बाहेरून येतात, काही निघून जातात. या चार गोष्टी कळल्या की पुढच्या वर्षी किती असतील याचं गणित शाळेतल्या मुलालाही मांडता येईल. अडचण एवढीच, की चारपैकी एकही गोष्ट प्राणी आपल्याला सांगत नाहीत. म्हणून आम्ही सगळे मोजायच्या फंदात पडतच नाही. थोडे नीट मोजतो आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधतो.

माशांचं उदाहरण सांगते, म्हणजे या धंद्यातली गंमत कळेल. भंडारदऱ्याच्या बाजूला एका लहान तलावात मासे किती आहेत हे काढायचं होतं. रीत अशी : काही मासे धरायचे, त्यांना खूण करून सोडून द्यायचं, थोडे दिवस जाऊ द्यायचे आणि पुन्हा जाळं टाकायचं. दुसऱ्या खेपेला आलेल्या माशांत खुणेचे फार थोडे निघाले तर तलावात मासे भरपूर, आणि पुष्कळ निघाले तर मासे थोडेच. मी हौसेनं प्रत्येक माशाच्या पाठीवरच्या पराला पिवळा बिल्ला लावला. पण तिथल्या कोळी मंडळींत अशी बातमी पसरली की बिल्ल्याच्या माशाला बक्षीस आहे. दुसऱ्या खेपेला माझ्यासमोर टोपल्या आल्या त्या निव्वळ पिवळ्या बिल्ल्यांच्या. साधे मासे त्यांनी घरी नेले होते. माझ्या गणितानुसार त्या तलावात बिल्ल्यांच्या माशांखेरीज दुसरा मासाच नव्हता. पुढच्या वर्षी मी बिल्ले बंद केले आणि पराचं टोक जरासं कातरायला लागले. ते कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. माणसं आसपास असली की मोजणीत माणसांचंही गणित धरावं लागतं, हे मी त्या तलावावर शिकले.

हे शिक्षण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण नाव कळलं की फोटोवाले गाड्या घेऊन माळावर घुसतात.

त्या गावानं ग्रामसभेत ठराव केला होता : आमच्या शिवारात हजारावर हरणं झाली आहेत, ती पकडून दुसरीकडे नेऊन सोडावीत. इथे हरीण म्हणजे काळवीट. नर गडद रंगाचे, पिळाच्या शिंगांचे, माद्या बदामी आणि बिनशिंगी. ठराव वनखात्याकडे गेला आणि वनखात्याच्या साहेबांनी आम्हाला विचारलं, की हा हजाराचा आकडा खरा मानायचा का. त्यांची काळजी वेगळी होती. काळवीट फार भित्रं जनावर. जाळ्यात धरलं की पुष्कळदा जखम न होताही नुसत्या धास्तीनं मरतं. कळपच्या कळप धरायला गेलो तर नव्या जागी पोचतील थोडे आणि वाटेत संपतील बरेच. तेव्हा आकडा खोटा असेल तर ही हत्या फुकटची होणार होती. खरा असेल तर निर्णय त्याहून अवघड.

मी गेले तेव्हा हरभरा फुलावर होता. माझ्यासोबत तिथले वनरक्षक गायकवाड होते. उंच, सडपातळ, सतत बोलणारा माणूस. मोटरसायकल चालवतानाही मान मागे वळवून बोलायचे, त्यामुळे त्यांच्या मागे बसून मला माळापेक्षा रस्त्याचीच भीती जास्त वाटे. सरपंच अंकुशरावांनी शाळेच्या अंगणात माणसं जमवली होती. बसलेल्यांत म्हातारी माणसं आणि मुलंच जास्त. तरणी जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली, ती उन्हाळा लागल्यावरच परतणार. अंकुशरावांनी नेमस्तपणे सगळं समजावून सांगितलं. सहा वस्त्या आहेत, प्रत्येक वस्तीनं आपापल्या रानातली हरणं पाहून सांगितली, त्याची बेरीज हजारावर गेली. त्यांच्या पुतण्यानं तर मोबाईलवर पुढचा हिशेबही काढला होता. दर वर्षी दुप्पट धरली तर थोड्याच वर्षांत हरणं जिल्ह्यात मावणार नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं.

तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. साठीच्या असतील, बांधा काटक, पदर कमरेला खोचलेला. त्यांचं नाव शेवंताबाई. मुलगा आणि सून कोयता घेऊन साखर कारखान्याच्या तळावर, आणि इथे दोन नातवंडं, चार शेळ्या आणि दोन एकर हरभरा हे सगळं या बाईंवर सोपवलेलं. त्या मला म्हणाल्या की बोलणं नंतर, आधी माझं रान बघा. मग आम्ही सगळेच त्यांच्या रानात गेलो. बांधालगतचे हरभऱ्याचे तास, म्हणजे ओळी, पार खुडलेले होते. शेंडे खाल्लेले, मधूनच लेंड्यांचे ढीग. बाई दिवसभर पत्र्याचा डबा वाजवत फिरायच्या. वाजवून वाजवून डब्याचा तळ आत गेला होता. नुकसान खोटं नव्हतं. ते पाहिल्यावर मी ठरवलं, की राहायचं तर याच बाईंच्या घरी.

त्यांनी हो म्हटलं, पण अट घातली, की घरात हरणांचं कौतुक करायचं नाही. मी कबूल झाले. त्यांच्या हातची बाजरीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी खायला मिळत असतील तर मी याहून कडक अटीही पाळल्या असत्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. त्या मला आधी मॅडम म्हणायच्या, मग बाई.

आमची मोजायची पद्धत साधी आहे. नकाशावर माळावरून आणि रानांतून सरळ रेघा आखायच्या आणि सकाळी त्या रेघांवरून चालायचं. हरणं दिसली की किती आहेत आणि रेघेपासून किती लांब आहेत ते दुर्बिणीतून मोजायचं. अंगणात हरभरे सांडले तर पायाजवळचे सगळे दिसतात, लांबचे काही नजरेतून सुटतात. किती अंतरावर किती दिसतात हे कळलं, की सुटलेले किती असतील तेही काढता येतं. एकच नियम कडक : हरीण पहिल्यांदा दिसलं तेव्हा जिथे होतं तेच अंतर धरायचं. ते आपल्याला किंवा आणखी कुणाला बुजून पळत आलं असेल तर सगळं गणित बिघडतं.

पहिल्याच सकाळी बिघडलं. आम्ही रेघेवर निघालो आणि समोरून कळप धावत आला. पुढच्या वळणावर दुसरा. मग तिसरा. इतकी हरणं मी कधी एका सकाळी पाहिली नव्हती. गायकवाड हरखून गेले, पण मला शंका आली. बांधाआड डोकावले तर तिथे वस्तीवरचे चार-पाच म्हातारे काठ्या घेऊन उभे. त्यांनी मोठ्या प्रेमानं सांगितलं, की तुम्हाला लांब चालायचा त्रास नको, म्हणून आम्ही हरणं तुमच्याकडे हाकून देतोय. प्रत्येक वस्तीनं तीच सोय केली होती. एकच कळप आम्ही त्या सकाळी किती वेळा मोजला कोण जाणे. त्या दिवसाचं सगळं रद्द केलं. त्यानंतर मोजणी कोणत्या दिवशी हे मी अगदी गायकवाडांनाही निघतानाच सांगायला लागले. कारण त्यांना सांगितलं की चहाच्या टपरीला कळे.

पुढचे काही आठवडे नीट चाललो, आणि तेव्हा तो नर माझ्या नजरेत आला. भरदार, जवळजवळ काळा, आणि डावं शिंग मुळाशीच वाकून डोळ्यावर आलेलं. तळ्याकडच्या वस्तीवर त्याचा फोटो काढला. दोन दिवसांनी तो खालच्या वस्तीच्या ज्वारीत उभा. मग मावशींच्या बांधावर. मी त्याच्याविषयी विचारायला लागले तर कळलं, प्रत्येक वस्तीनं त्याचं बारसं केलेलं आहे. तळ्याकडे तो वाकड्या. खालच्या वस्तीवर नवरदेव, कारण शिंग मुंडावळीसारखं तोंडावर येतं. रस्त्याकडच्या वस्तीवर ड्रायव्हर, कारण डांबरी रस्ता ओलांडताना कळपाच्या पुढे तोच. मावशींनी त्याला जावई नाव ठेवलं होतं. येतो, खातो, न विचारता जातो, एवढं स्पष्टीकरण त्यांना पुरेसं वाटत होतं.

मी सगळ्या वस्त्यांना पुन्हा शाळेत बोलावलं. शाळेच्या टीव्हीवर त्याचा फोटो लावला आणि फक्त विचारलं, हा कुणाचा. सहाही बाजूंनी हात वर झाले. हा आमचा, हा आमच्या कळपाचा म्होरक्या, हा आमच्याकडे दोन वर्षांपासून आहे. थोडा वेळ वाद चालला. मग मी एकामागून एक फोटो दाखवले, प्रत्येक वस्तीचा, ओळखीचं झाड किंवा विहीर मागे असलेला. कुणीतरी म्हणालं, तसली दोन-तीन असतील. त्यावर खालच्या वस्तीवरचे एक आजोबा म्हणाले, "डावंच शिंग, अन् सगळ्यांचं डोळ्यावर? आरं, एकच कळप आपन सहा घरी जेवू घातला." मग आधी मागच्या बाकावर हसू फुटलं आणि ते पुढे सरपंचांपर्यंत आलं.

मी माझा आकडा सांगितला : दोनशेच्या आसपास, कमीत कमी पावणेदोनशे, जास्तीत जास्त सव्वादोनशे. अंकुशरावांना हे आवडलं नाही. इतके दिवस चालून शेवटी अंदाजच सांगायचा होता तर पुण्याहून यायची काय गरज, असं त्यांनी सौम्य शब्दांत विचारलं. हा प्रश्न मला साहेबांपासून पत्रकारांपर्यंत सगळ्यांनी विचारलेला आहे. माझं उत्तर ठरलेलं असे : जो नेमका आकडा सांगतो त्याच्यावर संशय घ्या. त्यांनी मान हलवली, पटलं म्हणून की पाहुणी म्हणून, ते कळलं नाही.

मला वाटलं, काम झालं. हजाराचे दोनशे झाले, हरणं वाचली. पण संध्याकाळी घरी चुलीपुढे मावशींनी तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "हजार असू द्या न्हाईतर दोनशे. माझा हरभरा तेवढाच गेला ना, बाई?"

मी गावाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

मग मी उरलेला हंगाम तेच शोधण्यात घालवला. हरणं वाढली नव्हती तर ती आताच इतकी रानात का दिसत होती? हळूहळू उलगडलं. गावाला मोठं गायरान होतं, पण त्यावर वेडी बाभूळ इतकी माजली होती की खाली गवताची काडी उगवत नव्हती. पावसाळ्यात हरणांना कडेकपारीला काहीतरी मिळे. दिवाळीनंतर तेही संपायचं, आणि नेमकं तेव्हाच गाव ऊसतोडीला निघून जायचं. रानं हिरवी, राखायला माणूस नाही. हरणं तीच, तेवढीच. त्यांनी फक्त पत्ता बदलला होता. पूर्वी हाकलायला प्रत्येक रानात दोन-चार माणसं असत. आता एका मावशीच्या वाट्याला सगळा कळप येत होता, म्हणून तो हजाराचा भासत होता.

मी सरपंचांना आणि वनखात्याला सुचवलं, की गायरानातली वेडी बाभूळ काढा, गवत येऊ द्या, मग हरणं तिथेच थांबतील. सभेत अंकुशरावांच्या पुतण्यानं अगदी बरोबर हरकत घेतली. चारा वाढला तर हरणं वाढणार नाहीत का? मी म्हणाले, वाढतील. सभेत कुजबुज झाली. मी त्यांना शेळ्यांवरून समजावलं. आहे त्या चाऱ्यावर शेळ्या वाढवत गेलं तर एका टप्प्याला दूध कमी होतं, करडं अशक्त निघतात, काही जगत नाहीत. जनावरांची संख्या आधी भराभर वाढते, मग चाऱ्याच्या मर्यादेला टेकते आणि थबकते. दुप्पट, पुन्हा दुप्पट असं कायमचं चालत नाही. गायरान सुधारलं तर माझ्या हिशेबानं हरणं तीनशेपर्यंत जातील आणि तिथे थांबतील.

आमच्या धंद्यात असं चारचौघांत भाकीत सांगायची पद्धत नाही. कागदावर आपण शंभर अटी घालतो. पण शाळेच्या अंगणात उभं राहून अटी सांगितल्या असत्या तर गायरानाचं काम कुणी केलं नसतं. गावानं दोन पावसाळ्यांची मुदत दिली. तोवर काही बदललं नाही तर पकडण्याचा ठराव पुन्हा पाठवायचा, आणि त्याला मी विरोध करायचा नाही.

रोजगार हमीतून बाभूळ काढली गेली. पहिल्या वर्षी सगळं उलटंच झालं. बाभूळ गेली, पण गवत कोवळं, विरळ. आधी हरणं निदान बाभळीच्या सावलीला बसत. आता तीही गेली आणि ती थेट हरभऱ्यात. मी पुण्यात आणि मावशींचा फोन रोज सकाळी. नमस्कार नाही, चमत्कार नाही, "बाई, तुमची हरनं आली" एवढं सांगून फोन ठेवायच्या. कधी गायकवाडांना फोन, "बाईंची हरनं हाकलायला या." तोवर हरणं गावाची होती, त्या हंगामात ती माझ्या नावावर चढली. मुदतीतलं एक वर्ष असं गेलं आणि मला खरोखरच धाकधूक वाटायला लागली. ठराव पुन्हा गेला असता तर जाळी लागली असती, आणि गावाला गप्प राहण्याचा शब्द मीच दिला होता.

दुसऱ्या पावसाळ्यात गवत गुडघ्याएवढं आलं. बायका विळे घेऊन गायरानात जायला लागल्या. मावशींनी दोन शेळ्यांच्या जागी म्हैस घेतली. थंडीत मी गेले तेव्हा हरणं गायरानात पसरून चरत होती आणि मावशींच्या बांधावरचे तास शाबूत होते. पत्र्याचा डबा घराच्या कोपऱ्यात पडला होता, त्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी समाधानानं मोजायला निघाले आणि मोजणी संपल्यावर बेरीज दोनदा तपासली. हरणं तीनशे कधीच ओलांडून पुढे गेली होती. चारशेला टेकायच्या बेतात होती.

एवढी हरणं दोन वर्षांत जन्माला येणं शक्य नव्हतं. गायकवाड म्हणाले, मोजण्यात चूक झाली असेल, परत चालू. परत चाललो. आकडा तोच. मग मी माद्या आणि पाडसं वेगवेगळी मोजून पहिल्या वर्षीच्या नोंदींशी ताडून पाहिली. पाडसांचं प्रमाण पूर्वीइतकंच होतं. म्हणजे जास्तीची हरणं इथे जन्मलेली नव्हती, ती मोठी होऊनच आली होती. कुठून, ते शोधायला गायकवाड दोन दिवस मोटरसायकलवर फिरले. टेकडीपलीकडे एका मोठ्या माळाला सौरऊर्जेच्या कामासाठी चहूबाजूंनी तारेचं कुंपण पडलं होतं. तिथला कळप बाहेर पडला आणि त्याला अलीकडे हिरवं गायरान दिसलं. जन्म आणि मृत्यू यांचा हिशेब मी बारकाईनं मांडला होता. बाहेरून येणाऱ्यांच्या जागी शून्य लिहिलं होतं, कारण तेव्हा कुणी येत नव्हतं.

सभेत मी हे जसंच्या तसं सांगितलं. भाकीत चुकलं, का चुकलं, आणि यापुढे किती वाढतील ते आताच सांगता येणार नाही. अंकुशराव शब्दाचे पक्के. ते म्हणाले, दोन पावसाळे झाले, बाईंनी तीनशे सांगितलं होतं, चारशे व्हायला आली, तेव्हा ठराव पुन्हा पाठवावा लागेल. मी विरोध करायचा नाही असंच ठरलं होतं.

मावशी उठल्या. त्यांनी सरपंचांना विचारलं, यंदा तुमच्या रानात हरणं किती वेळा आली. अंकुशराव म्हणाले, दोन-तीनदा. त्यांनी आणखी दोघातिघांना तेच विचारलं. मग म्हणाल्या, "माझ्या रानात एकदा आली. मागं रोज येत हुती. तवा दोनशे हुती म्हनं, आता चारशे हायती. मंग धरून न्यायची कशापायी?" आणि माझ्याकडे वळून, अगदी सहज, "अन् तुमीबी आता मोजता कशाला, बाई?"

सगळे हसले. मीही हसले, पण जरा उशिरा. ठराव बारगळला.

मोजणं मी थांबवलं नाही. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती, तेवढी दर थंडीत जात राहिले. आकडा चारशेच्या थोडा वर गेला. पुढच्या वर्षी तिथेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तिथेच. माद्यांमागे दिसणारी पाडसं कमी झाली, काही नर टेकडी ओलांडून पलीकडे गेले, आणि संख्या थबकली. आधी चढणारी आणि मग सपाट होणारी ती रेघ मी जन्मभर फळ्यावर काढून दाखवली होती. पुस्तकातल्या तसल्या बहुतेक रेघा प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत वाढवलेल्या किड्यांच्या. आपल्या जिल्ह्यातल्या खऱ्या माळावर, ऊन, पाऊस, कुत्री, कुंपणं, माणसं सगळं असताना ती अशी डोळ्यांसमोर सपाट होईल असं मला वाटलं नव्हतं. त्या रेघेचा कागद मी पुण्यातल्या माझ्या खोलीत भिंतीवर लावला. येणारे-जाणारे विचारत, हे काय आहे. मी सांगायची, चारशे हरणं. त्यांना त्यात एकही दिसत नसे.

शेवटच्या मोजणीला गेले तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. हरभरा काढून झालेला. मुलगा आणि सून अजून तळावरच होते, नातवंडं शाळेत. मावशी सकाळी माझ्याबरोबर निघाल्या. इतक्या वर्षांत रेघेवर त्या कधी आल्या नव्हत्या. त्यांना हरणं माहीत होती ती फक्त आपल्या रानात उभी राहून, हातात डबा घेऊन. मी त्यांना सांगितलं, बोलायचं नाही, थांबायचं नाही, रेघ सोडायची नाही. त्या माझ्या मागोमाग गवतातून चालत राहिल्या. गायकवाड पुढे.

मधेच मावशींनी माझी बाही ओढली. रेघेपासून हाताच्या अंतरावर गवतात एक पाडस निजलं होतं. एक-दोन दिवसांचं असेल. मान जमिनीला टेकवलेली, कान मागे पडलेले, डोळे उघडे. काळवीट मादी पिल्लाला असं लपवून दूर जाते, म्हणजे तिच्या वासानं कुत्री तिथवर पोचत नाहीत. पिल्लू हलत नाही. अगदी शेजारी पाय पडला तरी हलत नाही. मावशी खाली वाकल्या. मी त्यांचा हात धरला, शिवू नका म्हणून. त्या तशाच वाकून बघत राहिल्या.

"ह्याची आई कुठं हाय?"

मी म्हणाले, लांब कुठेतरी उभी असेल. आपल्याकडेच बघत असेल. आपण गेल्याशिवाय येणार नाही.

मावशी सरळ झाल्या. दूरवर पाहिलं. मला तिथे काही दिसलं नाही, त्यांना दिसलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही.

"मंग चला की. थांबलाय कशाला?"

मी म्हणाले, रेघ अजून अर्धी राहिलीय, ती याच बाजूनं पुढे जाते. पण त्या तोवर मागे वळून चालायला लागल्या होत्या, भराभर, मागे न बघता. गायकवाडांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुर्बीण पिशवीत घातली आणि मावशींच्या मागोमाग निघाले. नोकरीतली ती शेवटची रेघ मी अर्धीच सोडली.